फाटकावरची नावं

आमच्या ऑफिसात ड्रॉइंग कधी वेळेवर तयार होत नाही. किस्से मात्र डेडलाइनच्या आधीच तयार असतात. मस्कतमध्ये जुन्या इमारतींची डागडुजी करणारी आमची छोटी कन्सल्टन्सी. त्यात रुस्ताक गावच्या एका शेतघराचं काम आलं आणि एक फाइल बंद होईतो दोन किस्से उघडायला लागले.

शेत अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या ओमानी मालकाच्या, आजोबांचं. खजुराची झाडं, पाण्याचा पाट आणि मातीचं दोन खोल्यांचं घर. अर्बाबला तिथे गेस्ट हाउस काढायचंय आणि फाटकावर फलक हवाय: या घरात राहून गेलेल्या प्रत्येकाचं नाव! त्याने जनगणनेच्या जुन्या घरटी नोंदींच्या प्रती कुठूनतरी मिळवल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे ज्या कामाला कोणी वाली नाही, ते माझं.

*

फलकाची बातमी अर्बाबच्या नातेवाइकांत पसरली आणि फोन सुरू झाले. प्रत्येकाचे वडील त्याच घरात जन्मले होते म्हणे. यादी इतकी वाढली, की आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर कांबळेसाहेब कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

"ताई, एवढ्या लोडला तो पाया पुरत नाही."

शेवटी अर्बाबने नियम केला. कागदावर नाव असेल तर फलकावर, नाहीतर खलास. सख्ख्या मावसभावालाही सूट नाही. तेव्हापासून मावसभाऊ त्याच्याशी बोलत नाही, ही आनंदाची बातमी अर्बाबनेच आम्हाला चहा पिताना दिली.

*

पहिल्या मोजणीत आजोबांचं वय साठ. बऱ्याच वर्षांनंतरच्या मोजणीतही साठच! आमच्या ऑफिसातल्या प्रमोशनसारखा प्रकार. मी भीत भीत दोन्ही कागद अर्बाबपुढे ठेवले. त्याने शांतपणे चष्मा पुसला.

"साठ चांगलं वय आहे. आजोबांना आवडलं असेल."

कांबळेसाहेब पुढच्या वर्षी साठचे होतात. तेव्हापासून त्यांनी आजोबांचा अभ्यास मनावर घेतलाय.

*

आता सदूकाका. गुहागरकडचे. पंप चालवायला म्हणून शेतावर आले आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिले. त्या हुद्द्यावर फॅमिली व्हिसा मिळत नाही, त्यामुळे सुलोचनाकाकूंनी ओमान कधी पाहिलाच नाही. दर सुट्टीत काका त्यांना "पुढल्या वर्षी नक्की" म्हणून सांगून यायचे. आता दोन महिन्यांनी काका कायमचे गावी निघणार, म्हणून अर्बाबने काकूंसाठी व्हिजिट व्हिसाचा अर्ज केला होता. काकांनी ही बातमी प्रत्येक खजुराला वेगवेगळी सांगितली असणार.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मला मधल्या मोजणीची नोंद सापडली. त्या वेळी अर्बाबचं सगळं कुटुंब अल हैलला लग्नात जेवत होतं आणि शेतावर काका एकटे. नोंद अशी: कुटुंबप्रमुख सदानंद, पत्नी सुलोचना, मुलगा एक, मुलगी एक, तीही नावानिशी. चौघांचा मुक्काम याच घरात.

मी काकांना फोन लावला आणि नोंद वाचून दाखवली. काकांनी आधी पंप बंद केला.

"आमच्या गावाकडं रेशनकार्डावर आधी नाव चढवत्यात, मॅडम. मानूस मागनं येतो," काका म्हणाले. "मला वाटलं, हितं बी तसंच आसंल."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःचीच लाज वाटली. काका रडत होते. खोटी माहिती दिली म्हणून अर्बाब अर्ज मागे घेईल, आपल्या मूर्खपणापायी ती आता कधीच येणार नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कागद लपवावा, असं कांबळेसाहेबांचं मत पडलं. तसं केलंही असतं, पण यादी रोज अर्बाबच नोंदींशी ताडून पाहायचा. दुसऱ्या दिवशी काकांनी पहाटेची टॅक्सी पकडली, ऑफिस गाठलं आणि स्वतःच सगळं कबूल केलं. अर्बाबने नोंद वाचली. परत वाचली. मग यादी माझ्याकडे सरकवली.

"मावसभावाला काय सांगितलं होतं मी? कागदावर आहे ना? मग लिहा. चारही नावं."

*

फलक लागला त्याच आठवड्यात काकू आल्या. नवी इस्त्रीची साडी, हातात आंबोशीची पिशवी. फाटकापाशी काकांनी त्यांना थांबवलं, फलकावरच्या नावावर बोट ठेवलं आणि सगळी हकिकत खाली मान घालून सांगितली. काकूंनी नाव निरखून पाहिलं. पलीकडचं घर पाहिलं, पाट पाहिला, पंप पाहिला. मग पिशवी खाली ठेवली.

"मी एवडी वर्सं हितंच व्हते," काकू म्हणाल्या, "तर मग गावाला तुमची वाट कोन बगत व्हतं?"