पाव फेरा

माणूस मोठा झाला की त्याचे जुने मित्र वाढायला लागतात. आमचा ड्वेन अमेरिकेत एका राज्याचा गव्हर्नर झाला, तेव्हापासून मस्कतच्या आमच्या ऑफिसात त्याचे किस्से रोज चहाबरोबर येतात. अहो, हा ड्वेन आमच्याकडे इंजिनिअर होता तेव्हा त्याच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नव्हतं! आता म्हणे सगळ्यांनी त्याला सोलकढी पाजली होती.

मी जळतो का? जळतो! उगाच खोटं कशाला बोलू?

*

आमची कंपनी जनरेटर भाड्याने देते आणि दुरुस्त करते. ऑफिस अल् खुवैरला, एसीत. तिथे सेल्सला पेडणेकर. वर्कशॉप लांब, पत्र्याखाली. तिथे मी, हळदणकर, फोरमन. ड्वेन निवडून आल्याची बातमी पहिल्यांदा पेडणेकरनेच कंपनीच्या ग्रुपवर टाकली, ती फक्त इंग्रजीत दोन शब्दांत: "गव्हर्नर ड्वेन!!!"

आता आमच्या धंद्यात गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा पार्ट. तो बिघडला की इंजिन डोलायला लागतं, एकदा वर, एकदा खाली.

आमच्या केरळी स्टोअरकीपरचं लगेच उत्तर आलं: "ह्या कंपनीचा गव्हर्नर स्टॉकमध्ये नाही. चायनाचा चालेल का?"

*

आता खरा किस्सा. हा मी ऑफिसात कधीच सांगितला नव्हता.

वीस-बावीस वर्षं झाली. ड्वेन नवा नवा आलेला, कोवळा, नाक उन्हाने सोललेलं. आदम गावाच्या पुढे वाळवंटातल्या एका साइटवर आम्ही दोघंच. मशीन डोलतंय. हा पठ्ठ्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन गव्हर्नरचा स्क्रू गरागरा फिरवतोय! मशीन असं बोंबलायला लागलं की उंटसुद्धा पळाले. घाईत माझ्या तोंडून इंग्रजी येत नाही, मराठीच येतं. दोन बोटांची चिमूट जराशी वळवून दाखवत मी ओरडलो, "मेल्या, पाव फेरा! पाव फेरा फिरव आणि थांब! ऐक ते काय म्हणतंय!"

शब्द नाही कळले, पण हात कळला. पाव फेरा फिरवून तो थांबला. पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबला. मशीन शांत झालं, आणि ते पोरगं लहान मुलासारखं हसलं.

'हळदणकर' त्याच्या जिभेला काही झेपेना. त्या दिवसापासून साइटवर तो मला 'मिस्टर पावफेरा' म्हणायचा. ऑफिसात मी हे मुद्दामच कुणाला कळू दिलं नाही. तिथे आधीच मला तीन टोपणनावं होती!

*

ड्वेन जायला निघाला तेव्हा वर्कशॉपच्या दारात ग्रुप फोटो काढला. पेडणेकर त्या दिवशी फक्त केक खायला आला होता. आला तो थेट ड्वेनच्या शेजारी, वर त्याच्या खांद्यावर हात! आणि मला म्हणतो, "हळदणकर, तुझा हात स्थिर आहे, तूच काढ."

काढला. सूर्य माझ्या पाठीशी होता. त्यामुळे फोटोत सगळे हसतायत आणि खाली जमिनीवर माझी लांबलचक सावली पडलीय. तोच फोटो आता फ्रेम करून पेडणेकरच्या टेबलावर आहे.

मी एकदा माझ्या मुलीला तो मोबाईलवर दाखवला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे?" मी सावली दाखवली. तिने मोठी करून पाहिली आणि म्हणाली, "नाइस हेअर, बाबा. तेव्हा होते!"

*

ड्वेन परत गेला, बापाच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसला. मग गावच्या शाळेच्या बोर्डावर निवडून आला. मग राज्याच्या विधानसभेत. मध्ये एकदा दणकून पडलासुद्धा. ते ऐकून, खोटं नाही सांगत, मी त्या दिवशी शुक्रवारचं मटण जरा जास्तच जेवलो. आम्ही दोघांनी एकच स्क्रू फिरवला. तो राज्य चालवायला निघाला आणि मी तोच स्क्रू अजून फिरवतोय. जळू नको तर काय करू?

पेडणेकर मात्र सांगत फिरतो, "मीच म्हटलं होतं त्याला, डोन्ट वेस्ट युअर टाइम, पॉलिटिक्समध्ये जा!" पेडणेकर तेव्हा त्याला एवढंच म्हणायचा, "टाइमशीटवर सही राहिलीय."

*

मागे टीव्हीवर ड्वेनची मुलाखत लागली होती. टॅक्सबद्दल विचारल्यावर त्याने दोन बोटं चिमटीत धरून जराशी वळवली आणि थांबला. मी माबेलाच्या आमच्या घरात सोफ्यावरून उडालोच!

"हे बघ! पाव फेरा! ही माझी शिकवण!"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, मी रोज आमटीत मीठ तस्संच घालते. मला नाही कुणी गव्हर्नर केलं."

*

आणि गेल्या थंडीत ड्वेन खरोखरच मस्कतला आला. सोबत व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ. समुद्रकाठच्या हॉटेलच्या हिरवळीवर दुपारचं जेवण, मोठा तंबू. आमच्या कंपनीला आमंत्रणं दोनच. एक मालकाला, म्हणजे आमच्या अर्बाबला. दुसरं जुन्या ओळखीच्या माणसाला.

अर्बाबने विचारलं, "फोटो किसका पास है?"

पेडणेकरने फ्रेम वर केली.

"खलास. तुम चलो."

मी तोंड उघडलं होतं. काय सांगणार होतो? की ती सावली माझी आहे?

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. त्या तंबूला जनरेटर कुणाचा? आमचा! आणि त्याच्यापाशी उभं कोण राहणार? त्या दुपारी मी तंबूच्या मागे कापडाच्या पलीकडे उभा होतो. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता मी, का कोण जाणे. दोन तास माझं मशीन एकदासुद्धा डोललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पेडणेकर सगळ्या ऑफिसला पेढे वाटत होता. टेबलावर फ्रेमच्या शेजारी लाकडी पेटी. पेटीत एक जुना स्क्रू ड्रायव्हर, मूठ झिजलेली, आणि वर पितळी पट्टी.

"काय सांगू! फोटो बघून डोळे भरले त्याचे. बोट ठेवलं बघ, इथे, खाली सावलीवर. आणि मला विचारतो, 'मिस्टर पावफेरा?' मी म्हटलं, येस सर! झालं, पेटी माझ्या हातात दिली. पुढेही म्हणाला काहीतरी, 'गिव्ह हिम' की काय, पण ऐकू कुठे येतंय? मागे तुझा जनरेटर!"

मी पट्टी वाचली. इंग्रजीत कोरलं होतं: मिस्टर पावफेरा.

"अमेरिकन जीभ रे!" पेडणेकर हसून हसून लाल झाला. "पेडणेकरचं बघ काय केलं!"

मी हात पुढे केला. "बघू जरा."

"हळू हं, हळदणकर," पेडणेकर पेटी मागे ओढत म्हणाला. "तुम्हा वर्कशॉपवाल्यांचे हात तेलकट असतात."