पेन्सिलीची फुली
उकडलेलं अंडं सोलताना तो उग्र वास आला, की मला उस्मानपुऱ्यातल्या घरी ओट्यापाशी उभे असलेले सासरे दिसतात. मला पहाटेच शेंद्र्याच्या कंपनीची बस गाठावी लागायची, म्हणून मी रविवारीच डझनभर अंडी उकडून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी ती सोलून, तिखट-मीठ लावून पोळीत गुंडाळायचं काम सासऱ्यांचं. कच्ची अंडीही तिथंच असायची. मी खुणा करायला गेले की ते हसायचे, "खुणा कशाला? ओट्यावर फिरवून बघायचं. उकडलेलं गरगर फिरतं, कच्चं डुलतं." एका सोमवारी त्यांच्या हातातलं कच्चं अंडं फुटून शेजारी उभ्या माझ्या लेकीच्या गणवेशावर सांडलं. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता. "मामा, फिरवून बघायला काय झालं होतं?" मी खेकसले. चिकट हात तसेच पुढे धरून ते म्हणाले, "बघितलं ना बेटा, दोन्ही फिरवून बघितली. पण गरगर फिरतं ते कोणतं, तेच आठवंना." मी धावत जाऊन बस पकडली. आता दर रविवारी मी उकडलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारते. घरात आता चुकणारं कुणी उरलेलं नाही.