अ‍ॅम्प्लिफायरमधला भुंगा आणि भांड्याचं पाणी

मंडळी, तीन दिवस अ‍ॅम्प्लिफायरमधल्या घूंऽऽ आवाजानं डोकं उठलं होतं. वायरी बदलल्या, स्पीकर हलवले, कळंबला जाऊन नवी पिन आणली. तरी गाण्यामागं भुंगा चालूच.

आज अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. तेव्हा कुठं अर्थिंग आठवलं. परसात जाऊन बघितलं, तर कायम ओला राहायला हवा तो अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत.

मागून आई म्हणाली, "मी रोज तिथंच घासल्या भांड्याचं पाणी टाकत होते. चिखल होतो म्हणून तूच ओरडलास की."

दोन बादल्या पाणी ओतलं आणि भुंगा गप झाला. आता गाणं लावायचंही त्राण नाही.

घरात कुणाकुणाला काय काय बंद करायला लावलंय, तुम्हीही जरा आठवून बघता का?