दुसऱ्यांदा विचारलेला कौल

माझा मावसभाऊ डिचोलीच्या एका औषध कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी पेडण्याला आमच्याकडे जेवायला येतो. माशांचं हुमण आणि भात झाला की माझा लॅपटॉप मांडीवर घेतो. त्यात एक गेम आहे, एकट्याने खेळायचा. तलवारी, किल्ले, भलामोठा नकाशा. सुरुवातीला आपलं पात्र घडवायचं: ताकद, चपळाई, बुद्धी, बोलणं, यांत पॉइंट वाटायचे. मावसभावाने त्यासाठी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे. कोणत्या लेव्हलला काय वाढवायचं, कुठल्या चिलखतावर कुठली अंगठी, सगळं आधीच ठरलेलं. त्याचा योद्धा तिसऱ्या तासाला अजिंक्य होतो. उरलेला सगळा गेम तो कारकुनाने शिक्के मारावेत तशी माणसं मारत फिरतो आणि याला खेळणं म्हणतो.

"बोलण्यात पॉइंट कोण घालता गो?" माझं पात्र पाहून तो ओरडला. "बोलान राक्षस मरता काय?"

मी हसले. इंग्रजी शाळेतून आल्यापासून माझ्या मराठीला घरात सगळे हसत, तेव्हापासून मी आधीच हसून घेते. बोलावं लागत नाही.

माझ्या पात्राचं बोलणं मात्र शिगोशीग भरलेलं. तिने तोंड उघडलं की पहारेकरी दार उघडतो, राजा शब्द मागे घेतो. आणि एखादं वाक्य चुकलंच, तर मी आधीचा सेव्ह लोड करते, म्हणजे खेळ चुकीच्या आधी नेते, आणि दुसरं वाक्य निवडते. मावसभावाच्या तक्त्याला मी नाक मुरडत होते, पण तो ताकदीचं करत होता तेच मी शब्दांचं करत होते. माणूस म्हणजे चार रकाने, आणि त्यांत घातलेलं काहीच फुकट जात नाही, ही थाप ज्यांचं बाहेर काही चालत नाही त्यांनाच गोड लागते. आम्हा दोघांना लागत होती.

मग मला पुण्याला एम.ए.साठी प्रवेश मिळाला. बाबा म्हणाले, "देवीक विचारूया."

आमच्याकडे घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची, आधी देवीचा कौल घेतात. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला ते बरंच वाटलं. निदान देवीशी हुज्जत घालायची नव्हती. तरी बाबांना सांगायचं वाक्य मी आठवडाभर घासून ठेवलं होतं. वसतिगृह, पुण्यातली आत्या, दर महिन्याला घरी येणं, सगळं त्यात बसवलं होतं.

रविवारी आम्ही चौघं गेलो. आई, बाबा, मी आणि मावसभाऊ. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी पडली.

बाबांचा चेहरा उतरला. "प्रश्न सारको झालो नाय, भटमाम," ते म्हणाले. "शिकूची काय, इतकाच विचारलात तुमी. पुण्याक धाडूची काय, ता विचारा."

भटमामांनी जरा थांबून पाकळ्या पुन्हा लावल्या. या वेळी डावी पडली. बाबांनी सुटल्यासारखे हात जोडले.

आधीचा सेव्ह लोड करायचं हे बटण माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. मावसभावाच्याही असणार. तो खाली फरशीकडे बघत होता. गेममध्ये आपण वाक्य निवडेपर्यंत समोरचा माणूस उभा राहतो. इथे भटमाम तीर्थाची पळी घेऊन यायलाही लागले होते. आठवडाभर घासलेलं वाक्य शोधलं, मिळालं नाही. जे आलं ते चिरकं आणि मोठ्याने आलं.

"बाबा, पयली उजवी पडली. तुका ती नको होती म्हणान परत विचारलंस."

"गप गो!" आईने माझा दंड धरला. "देवळात असा बोलतत?"

भटमामांनी माझ्या हातावर तीर्थ घातलं आणि बाबांकडे न बघता म्हणाले, "पयलो कौल तो कौल. दुसऱ्यांदा मी पाकळी लावूक नको होती."

घरी आल्यावर बाबांनी वसतिगृहाच्या अर्जावर सही केली ती उभ्या-उभ्या, फ्रिजवर कागद ठेवून. अर्ज आईच्या हातात दिला, माझ्या नाही. पुढच्या मंगळवारी मी निघायचं ठरलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

त्याच दुपारी मावसभाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन मला शिकवत होता. "आवशीक आधी आपल्या बाजूक घेवक होयी होती. मगे भटाक. मगे बापूस आपणच वळलो असतो. तू सगळा उलटा केलंस." बोलताना नजर पडद्यावरच. त्याचा योद्धा कुणाला तरी मारत होता.

त्याचं खरंही असेल. मी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या मांडीवरून उचलला.

"अगो, सेव्ह तरी करूक दी!"

मी दिलं नाही. बॅगेत घातला, वर दोन चादरी रचल्या.