दुपारी बाराला विसरणारी पेटी

मला मधुमेह नाही. मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, रक्तदाब या वयात असावा तेवढाच आहे. तरी मागच्या महिन्यात विमा कंपनीने मला दोन पानी पत्र पाठवून कळवलं, की आपल्या आरोग्यविम्याचं नूतनीकरण करता येत नाही, कारण 'रात्री वारंवार उठण्याची नोंद' आहे. रोज सरासरी चार वेळा. एकदा पावणेदोनला, एकदा अडीचच्या सुमारास, मग साडेतीन, मग पाच. माझ्या न्हाणीघरातला नळ मी कधी सोडते, याचा पाढा परक्या माणसाने मला वाचून दाखवला.

मी एकटी राहते. माझ्या न्हाणीघरात रात्रभर वही घेऊन कोण बसलं होतं?

उत्तर मला ठाऊक आहे. बेसिनखाली पाइपाला साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी बांधलेली होती आणि ती माझ्या मुलीने बनवली आहे. बनवली तेव्हा ती पेटी अशी नव्हती. तिला असं कोणी केलं हे माझी मुलगी सांगू शकत नाही, कारण कंपनीतून बाहेर पडताना न बोलण्याच्या कागदावर तिची सही घेतली आहे. माझी सही कोणी घेतलेली नाही. म्हणून मी लिहिते.

लहानपणापासून घरात तिला सगळे 'खटपट' म्हणत. तिचे बाबा छापखान्यात रात्रपाळीला होते, दिवसा झोपायचे, आणि आमच्या दारावरची घंटा अशी कर्कश, की मेलेला उठून बसावा. नऊ वर्षांच्या या पोरीने एक दिवस स्टुलावर चढून घंटा उतरवली आणि तिच्या तारा ओट्यावरच्या एका छोट्या बल्बला जोडल्या. कोणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात बल्ब पेटायचा आणि बाबा घोरत राहायचे. विजेशी खेळली म्हणून मी तिला दोन धपाटे घातले. हे उठल्यावर म्हणाले, "मारलंस कशाला तिला? लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर झोपलो मी."

पुढे ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि वॉशिंग मशीनची सर्किटं बनवणाऱ्या कारखान्यात लागली. सहा वर्षं तिथे होती. त्या सहा वर्षांत मला रात्री झोप लागायची.

मग माझ्या नणंदबाई न्हाणीघरात पडल्या. वन्सं एकट्याच राहायच्या. शनिवारी संध्याकाळी पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि सोमवारी सकाळपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती. शेजारी ती ओलांडून जिन्याने वर-खाली करत होते. इस्पितळात माझी मुलगी खाटेजवळचं बोलावण्याचं बटण हातात धरून बसली होती. मग म्हणाली, "आई, पडलेल्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचतच नाही. ज्याला काही करता येत नाही, त्याने काही केलं नाही, एवढंच कळायला हवं."

तिने पहिली पेटी वन्संच्या दिव्याच्या बटणाला जोडली. सकाळी नवापर्यंत न्हाणीघरातला दिवा लागला नाही, तर आमचा फोन वाजायचा. तिसऱ्याच दिवशी वाजला. आम्ही दोघी मिळेल ते वाहन पकडून धावलो, दार उघडून आत शिरलो, तर वन्सं वॉकर धरून शांतपणे दात घासत होत्या.

"आत्या, दिवा का नाही लावलास?"

"खिडकीतून येतोय की उजेड. आणि दात कुठे आहेत ते मला माहीत आहे." मग चूळ भरून त्या तिच्याकडे वळल्या. "काय गं, यंत्र बसवून माझ्यावर लक्ष ठेवतेस होय? मी लक्ष दे म्हटलं होतं. लक्ष ठेव असं कधी म्हटलं?"

मला हसू आलं. माझ्या मुलीला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दिव्याचा नाद सोडून पाणी धरलं. दिवा न लावता माणूस राहील, पाण्याला हात लावल्याशिवाय राहणार नाही. पाइपातून पाणी वाहिलं की पाइप बारीक थरथरतो. पेटीने ती थरथर ओळखायची. आणि पेटीला एकच गोष्ट कळायची, आज सकाळी पाणी वाहिलं की नाही. किती वाजता, किती वेळ, किती वेळा, यातलं काही नाही. 'वाहिलं' एवढं उत्तरसुद्धा दुपारी बाराच्या ठोक्याला पुसलं जायचं आणि पेटी पुन्हा कोरी. कारखान्यातल्या मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. "अगं, माहिती आपसूक येतेय तर साठव की! पुढेमागे उपयोगी पडेल."

"कोणाच्या?" ती म्हणाली. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आता आहे.

तरी पेटी चुकायचीच. वन्सं आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि तिकडे पेटी खुशाल सांगत होती, की बाई उठल्या, पाणी वाहिलं. खटपटीने डोकं धरलं. शेवटी इमारतीत काम करायला येणाऱ्या प्लंबरला तिने बोलावलं. त्याने बेसिनखाली डोकं घातलं आणि तिथूनच हसायला लागला.

"ताई, पेटी उभ्या पाइपाला लावलीत. वरचे काका दाढी करतात ते वाजतंय हे. उभा पाइप सगळ्या गावाचा, आडवा पाइप घरचा. आडव्याला लावा."

"आणि नळ ठिबकत असेल तर?"

"तर आधी वॉशर बदलायचा. तुमच्या कॉलेजात वॉशर नव्हता का शिकवत?"

त्याला तिने त्याच आठवड्यात नोकरीवर घेतलं. कारखाना सोडून तिने काढलेल्या कंपनीतला पहिला माणूस तो. पुढे आणखी सहा प्लंबर आले. ज्या घरी पेटी बसवायची, तिथला ठिबकणारा नळ आधी फुकट दुरुस्त व्हायचा. म्हातारी माणसं पेटीसाठी एकदा फोन करायची आणि वॉशरसाठी चारदा. नातेवाईक मला विचारत, "मुलगी काय करते हल्ली?" मी म्हणे, "नळाला पेट्या बांधते." "म्हणजे प्लंबर?" "हो, प्लंबर." सांगून सांगून मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. पहिल्या दोन वर्षांत अकरा माणसं त्या पेटीमुळे वेळेवर सापडली. अकरावे आमच्याच गल्लीतले निवृत्त मास्तर.

तिचे बाबा गेल्यावर तिने एक पेटी माझ्याही बेसिनखाली बांधली.

आता माझी चूक सांगते, कारण ती टाळली तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. पेट्या वाढल्या, तसे पैसे लावणारे आले. त्यांच्या कागदांत एक अट होती, की कंपनीचा कारभार पाहायला त्यांचा माणूस बसेल. ती आठ दिवस ते कागद घेऊन फिरत होती. सही करावीशी वाटत नव्हती. मी म्हटलं, "मोठी माणसं आहेत, ती काय नळ चोरणार आहेत तुझे? जमवून घे." बाईच्या जातीला जन्मभर जे सांगितलं जातं, तेच मी पदवी घेऊनसुद्धा पोटच्या पोरीला सांगितलं. जमवून घे! तिने घेतलं.

त्यांचा माणूस आला. प्लंबरने त्याचं नाव पहिल्याच दिवशी 'कडक इस्त्री' ठेवलं. कडक इस्त्रीने कधी बेसिनखाली डोकं घातलं नाही. त्याने आधी वॉशर बंद केले. "वॉशर बदलणं हा आपला धंदा नाही." मग कार्यालय चौथ्या मजल्यावरच्या काचेच्या खोल्यांत गेलं, जिथे प्लंबरना पायऱ्यांकडच्या दाराने यावं लागे. आणि मग एक दिवस माझी मुलगी माझ्याकडे जेवायला आली, घास तसाच हातात धरून बसली आणि म्हणाली, "आई, ते बारा वाजता पुसणं बंद करायचं म्हणतात, आणि नळ कधी कधी सुटला ती प्रत्येक वेळ साठवायची."

एवढंच. हे तिने सांगितलं तेव्हा ती अजून कंपनीतच होती, न बोलण्याच्या कागदावर सही व्हायची होती. वकिलांनी हा क्रम नीट लिहून घ्यावा.

पुढे बैठकीत आत काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. बाहेर दिसलं ते असं, की दोन महिन्यांत माझी मुलगी स्वतःच्याच कंपनीच्या दारात गळ्यातलं ओळखपत्र काढून रखवालदाराच्या हातात देत होती. आयत्या बिळात नागोबा शिरतो, हे ठाऊक होतं. बीळ खणणारीलाच डसून बाहेर काढतो, हे नव्याने कळलं. न बोलण्याच्या कागदावर तिने सही का केली, हे मात्र मला प्लंबरने सांगितलं. सही केलीस तर साती प्लंबरांची नोकरी राहील, असा शब्द तिला दिला होता. तिने सही केली. सहा आठवड्यांनी साती जणांना काढलं. एकाच दिवशी, मोबाइलवर संदेश पाठवून.

"ताईंना सांगू नका," तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला. "त्यांना वाटतंय आम्ही आहोत तिथेच."

मी सांगितलं. अशा गोष्टी लपवून मुलं सुखी होत नाहीत.

आणि मग ते पत्र आलं. मी तशीच उठून विमा कंपनीच्या कार्यालयात गेले. काउंटरवर माझ्याच वयाची बाई होती, चष्मा नाकावर.

"मॅडम, तुम्ही रात्री चार वेळा उठता."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सिस्टिममध्ये दिसतंय. पाण्याच्या वापरावरून. मधुमेह, मूत्रपिंड, असं काहीतरी असू शकतं म्हणून..."

"सिस्टिमला सांगा, मला मुलगी आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं तिला?"

"काही नाही. फक्त घर सोडून वेगळी राहते, नोकरी गेली आहे, जेवते की नाही माहीत नाही, आणि मला दोन वाजता जाग येते. उठते, तोंडावर पाणी मारते, परत पडते. याला काय नाव आहे तुमच्या सिस्टिममध्ये?"

बाईने चष्मा काढला. हळूच म्हणाली, "मलाही दोन आहेत." आणि मग म्हणाली, की तिच्या हातात काही नाही. मला तिचा राग आला नाही. सगळीकडे राग ज्याच्यावर करावा असा माणूस पुढे बसत नाही, काउंटरवर नेहमी कुणाची तरी आईच असते. तो आणखी संताप.

रविवारी मुलगी आली तेव्हा मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पावणेदोन, अडीच, साडेतीन, पाच. ती उठली, बेसिनखाली वाकली, पेटीचा पट्टा सोडला आणि पेटी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. नऊ वर्षं तिने त्या पेटीचं बोट धरून तिला चालायला शिकवलं होतं. आता पेटीकडे तिला बघवत नव्हतं.

"तू रोज चार वेळा उठतेस?" तिने विचारलं.

"तू विषय बदलू नकोस."

"मी विषय बदलत नाहीये. आई, मला बोलता येत नाही."

"तू बोलूच नकोस. पत्र मला आलंय, नळ माझा आहे, झोप माझी मोडली आहे. मी बोलते."

"तुझ्यामागे लागतील ते."

"लागू देत."

"माझ्यावरही येईल. मीच तुला सांगितलं असं म्हणतील. मला या धंद्यात पुन्हा कोणी उभं करणार नाही."

ही एकच भीती खरी आहे आणि तिने मला आठ रात्री जागं ठेवलं. माझी मुलगी सदतीस वर्षांची आहे, तिच्या डोक्यात अजून दहा पेट्या आहेत, आणि हे छापलं तर कदाचित एकीलाही कोणी दार उघडणार नाही. नाही छापलं, तर हजारो घरांत म्हातारी माणसं उठत आहेत, नळ सोडत आहेत, आणि त्यांना वाटतंय कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं, तर निदान शेताला तेवढं कळायला हवं.

काल मी ही पानं तिला वाचायला दिली. तिने खुर्ची खिडकीकडे वळवून सगळं वाचलं. एके ठिकाणी हसली, वन्संच्या दातांपाशी असावी. शेवटी पानं सारखी करून माझ्या हातात दिली.

"छापायला देऊ का?" मी विचारलं.

"आजवर कधी मला विचारून रागावली आहेस का तू?"

"नाही."

"मग?"

एवढंच बोलली, पाणी प्यायली, चपला घातल्या आणि गेली. जाताना पाठ ताठ होती, पण जिन्यावर थोडा वेळ थांबली हे मला दाराआडून ऐकू आलं. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर दोघींचाही धीर सुटला असता.

तर ज्यांच्या बेसिनखाली अशी पेटी आहे, त्यांनी ती काढून ठेवावी. प्लंबर लागत नाही. पट्ट्याला खाली एक खाच आहे, नखाने दाबली की सुटतो. ज्यांना विम्याचं असं पत्र आलं असेल, त्यांनी ते फाडू नये, माझ्याकडे पाठवावं. आणि कडक इस्त्रीला नोटीस पाठवायची असेल, तर माझ्या मुलीच्या दारी जायचं कारण नाही. ती मला पाठवावी. पत्ता त्यांच्याकडे आहे. मी किती वाजता जागी असते, तेही त्यांना चांगलं माहीत आहे.