आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं

संविधान दिनाला कॅल्गरीतली आम्ही नागपूरकडची मंडळी एका कम्युनिटी हॉलमध्ये जमतो, उभं राहून उद्देशिका वाचतो, भाषणं ऐकतो आणि जेवतो. गेल्या वर्षी कार्यकारिणीला हौस आली, पाहुणा गोराच हवा. कॅनडाच्या सैन्यातले एक निवृत्त अधिकारी मिळाले. हॉलही त्यांच्याच ओळखीनं मिळाला. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. तसं हे बिनधोक काम, तोवर सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं.

मी शेजारणीला सोबत नेलं होतं. ती कंदाहारची, तिथं शाळेत शिकवायची. निवडणुकीत बायकांच्या मतदान केंद्रावर तिची ड्यूटी असायची.

पाहुणे बोलायला उभे राहिले. अफगाणिस्तानात आम्ही जिंकलो, त्या लोकांना लोकशाही दिली, पण त्यांना ती सांभाळता आली नाही, म्हणाले. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! शेजारीण मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत बसली. माझं डोकंच फिरलं.

अध्यक्षांनी ते ओळखलं. जवळ येऊन कुजबुजले, "ताई, प्लीज, आज कॉन्ट्रोव्हर्सी नको. थँक यू म्हणा आणि डिनर अनाउन्स करा."

मी शेजारणीला विचारलं, "बोलूं?"

"बोलो," ती म्हणाली. "धमाका हुआ था, फिर भी लाइन से एक औरत नहीं हटी. वो बोलो."

पाहुण्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीतच बोलले. सर, आलात, आभार. पण मघाशी आम्ही जे वाचलं त्याच्या शेवटी आहे की हे संविधान आम्ही स्वतःलाच देतो आहोत. कुणाच्या सैन्यानं ते आणून दिलं नाही. आणि ज्यांना तुम्ही लोकशाही दिलीत म्हणता, त्या बायका स्फोटानंतरही मतदान केंद्रावरच्या रांगेतून हलल्या नाहीत. सैन्य परत न्यायचं ठरवताना त्यांना विचारलं कुणी? त्या केंद्रावर काम करणारी एक इथं बसली आहे. मी आभार मानते ते तिचे.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत.

यंदा तो हॉल मिळाला नाही. कार्यक्रम माझ्या बेसमेंटमध्ये करायचं ठरलं. मुख्य पाहुणी म्हणून मी शेजारणीचं नाव सुचवलं आणि रीतसर मतदान मागितलं. अध्यक्ष विरोधात होते. ते हरले, आणि तरी खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी आले.

तू तीन मतांनी निवडून आलीस, असं मी शेजारणीला सांगितलं. तिनं आधी विचारलं, "गिनती किसने की?"