साच्यावर वाढवलेला नारळ

मुंबईच्या ओतशाळेत शिकून मी बोटीने रत्नागिरीला परतलो आणि चिऱ्याच्या भिंतींची शेड घालून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतू लागलो. सन तीसनंतरची ती वर्षं. भाताच्या गिरणीच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला, तेव्हा नवा ओतून देतो असं मी छातीठोकपणे सांगून बसलो. नाही म्हणायचा माझा स्वभावच नव्हता.

ब्लॉक म्हणजे रहाटाचं चाक नव्हे. त्याच्या आत पाणी खेळायला पोकळ्या लागतात. तिथे लोखंड शिरू नये म्हणून काकवीत मळून भाजलेले वाळूचे गाभे बसवायचे. सगळं ठणठणीत कोरडं हवं. कुठे ओल राहिली तर लोखंडाचा रस पडताच तिची वाफ होते आणि साचा तोफेसारखा उडतो. मुंबईत एकाचा चेहरा तसा गेलेला मी पाहिला होता. म्हणून खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालत मी साच्याची पेटी निखाऱ्यांवर शेकून काढली.

भट्टीचं तोंड फोडलं. रसाच्या बादलीचा पुढचा दांडा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, धरला, मागचा मी. साच्याकडे वळतो तो बाबा तिथून बाजूला होताना दिसले. शुभकार्य म्हणून त्यांनी नारळ वाढवला होता, तोही पेटीच्या लोखंडी कडेवर! रस ओतायच्या तोंडातून पाणी आत गेलं होतं. दादाची नजर रसावर होती, त्याला काही दिसलं नव्हतं.

"दादा, थांब! बाबा, मागं व्हा!" जन्मात मी बाबांवर आवाज चढवला नव्हता.

"अरे, देवाचं पानी हाय ता. त्यानं काय व्हतं?"

"दादा मरेल त्यानं!"

दोघांचेही हात भरून आले होते. बाजूला कोरड्या वाळूचा चर होता, तिकडे बादली वळवली. वळवताना चमचाभर रस हिंदकळून पेटीच्या तोंडात पडला. धाडकन आवाज झाला, कौलं फुटली, दादाच्या धोतरावर ठिणग्या उडाल्या. त्या मी हातानेच विझवल्या. ब्लॉक गेला होता, पण दादा उभा होता.

बाबांनी फुटक्या कौलाचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "परत वतणार?"

"हो."

"मंग मोठ्याला घरी ठेव. फुडचा दांडा मी धरीन."

मला रडू आलं आणि संतापही, कारण चूक त्यांची होती आणि आता जीव धोक्यात घालायलाही तेच पुढे झाले होते.